सिनेमातली विचारसरणी कशी वाचावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सिनेमातली विचारसरणी शोधायला बसलेला नवखा माणूस आधी संवादांच्या मागे लागतो. नायकाने भाषण ठोकले, न्यायाधीशाने चार खडे बोल सुनावले, की त्याचे पेन चालू होते. तिथे हाती फारसे लागत नाही. भाषण हे भाषण आहे हे सगळ्यांनाच कळते आणि पटले नाही तर प्रेक्षक मनातल्या मनात त्याच्याशी भांडूनही घेतो. गोष्ट पुढे सरकावी म्हणून जे न बोलता गृहीत धरलेले असते, त्याच्याशी मात्र कोणी भांडत नाही. घरातला निर्णय शेवटी कोण घेतो? पोलीस कोणाच्या दाराची कडी वाजवतात आणि कोणाचे दार लाथेने उघडतात? कोणाच्या मरणानंतर दोन मिनिटांचे संगीत वाजते आणि कोणाचे मरण पुढच्या कटमध्ये विसरले जाते? विचारसरणीचा मुक्काम बहुतेक वेळा इथे असतो.

हे काम दोन भागांत करायचे. चित्रपट काय मांडतो, काय गृहीत धरतो आणि आपल्याला कोणत्या जागी बसवतो, हा पहिला भाग. याचे पुरावे पडद्यावर असतात. प्रेक्षक त्याचे काय करतात, हा दुसरा भाग; त्याचे पुरावे माणसांकडे असतात. पडद्यावर काहीतरी सापडले की लगेच ‘या चित्रपटाचा समाजावर असा परिणाम होतो’ असे लिहून मोकळे होणे ही या क्षेत्रातली सर्वांत चिवट चूक आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या ती टाळण्यासाठीच या क्रमाने लावल्या आहेत.

तयारी

दीड ते दोन तासांचा एक चित्रपट, एक वही आणि चित्र थांबवत-थांबवत पाहता येईल असा प्लेअर एवढे पुरते. व्हीएलसीत ‘ई’ ही कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात कट नेमका कुठे पडला हे तिने कळते. (मागे मात्र तशी चौकटी-चौकटीने जात नाही.) चित्रपट तीन वेळा पाहायचा, तीन प्रसंग शॉटवार नोंदवायचे (शॉट म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा), एका गटाशी बोलायचे, ते बोलणे उतरवून काढायचे आणि लिहायचे. हे सगळे धरून वीस तासांच्या आसपास वेळ लागतो. एका संध्याकाळी उरकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिल्याच प्रयत्नाला उघड प्रचारपट घेऊ नका. त्यात सगळे वरच दिसते, त्यामुळे शोधण्याची सवय लागत नाही. तुमचा अत्यंत लाडका किंवा अत्यंत नावडता चित्रपटही नको. निकाल आधीच लागलेला असतो आणि नंतरचे सगळे वकिली होते. ‘डोके बाजूला ठेवून बघायचा’ म्हणून चाललेला, बऱ्या धंद्याचा, मध्यम दर्जाचा चित्रपट सर्वांत उत्तम. ज्याला आपण काही मांडतोय असे वाटतही नाही, तो गृहीतके लपवण्याची काळजी घेत नाही.

पहिली पायरी: नुसते पाहा आणि लगेच अर्धे पान लिहा

पहिल्यांदा पाहताना वही बंद ठेवा. चित्रपट संपताच, कोणाशी बोलण्याआधी, अर्धे पान लिहा: कुठे हसू आले, कुठे डोळे भरले, कोणाचा राग आला, शेवटच्या वीस मिनिटांत काय व्हावे असे मनापासून वाटत होते. हे पान जपून ठेवा. दुसऱ्यांदा पाहताना तुम्ही तपासनीस झालेले असता आणि पहिल्या वेळचा प्रेक्षक परत हाती लागत नाही.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. चित्रपटाचे तत्त्वज्ञान अजिबात न पटणारा माणूसही शेवटच्या पाठलागात चित्रपटाला हवे तेच मागत असतो. अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये (१९१५) याचे जुने आणि भयंकर उदाहरण आहे. वेढ्यात अडकलेली माणसे आणि त्यांना सोडवायला घोड्यांवरून निघालेले कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेचे स्वार अशी आळीपाळीने कापलेली दृश्ये तिथे येतात. कट लहान होत जातात, घोडे जवळ येतात. आता एकदाचे पोहोचावेत, ही घालमेल संकलनाने निर्माण केलेली आहे आणि ती प्रेक्षकाचे मत विचारत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हाच त्याविरुद्ध निदर्शने केली. त्याच वर्षी क्लॅनची नव्याने स्थापना झाली आणि पुढे भरतीसाठी तिने हा चित्रपट वापरला. तुमच्या अर्ध्या पानावर ‘पोहोचावेत असे वाटले’ असे काही लिहिलेले असेल, तर ते खोडू नका. तिथूनच सुरुवात करायची आहे.

दुसरी पायरी: गोष्टीचा सांगाडा

गोष्ट दहा ते पंधरा वाक्यांत लिहा. विशेषणे टाळा. ‘दुष्ट जमीनदार’ असे न लिहिता ‘जमीनदार अमुक करतो’ एवढेच लिहा. मग त्यावर चार प्रश्न टाका. सुरुवातीची घडी कशी होती? ती कशाने मोडली? कोणी, कोणत्या साधनाने सावरली? आणि सगळे संपल्यावर काय होते तसेच राहिले?

चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवा. लोकप्रिय चित्रपटातली एक हातचलाखी इतकी सर्रास आहे की ती ओळखता आली तरी निम्मे काम झाले: प्रश्न सगळ्यांचा असतो आणि उत्तर एकट्याचे. बेकारी, जमीन, जात, कर्ज असा काही प्रश्न पहिल्या तासात उभा राहतो. तो खराच असतो, त्यातली चीडही खरी असते. मग कुठेतरी त्या प्रश्नाला एका माणसाचा चेहरा मिळतो. तो माणूस शेवटी मरतो, तुरुंगात जातो किंवा त्याचे मन पालटते, आणि प्रश्न सुटल्याची भावना घेऊन आपण उठतो. जमिनीची मालकी मात्र पहिल्या दृश्यात होती तशीच असते. असा चित्रपट खोटा किंवा वाईट ठरतो असे नाही. पहिल्या तासातली चीड अनेकदा शेवटाला पुरून उरते. ‘काहिए दु सिनेमा’ या फ्रेंच मासिकात १९६९ साली कोमोली आणि नार्बोनी या समीक्षकांनी चित्रपटांचे जे गट पाडले, त्यात अशा चित्रपटांसाठी वेगळा गट होता: वरवर व्यवस्थेच्या बाजूचे, पण आतून तडे गेलेले. तुमच्या सांगाड्यात असा तडा दिसला, म्हणजे शेवटाने न झाकलेले काही राहिले, तर त्यावर खूण करा.

तिसरी पायरी: माणसांचा तक्ता

दुसऱ्यांदा पाहताना नाव असलेल्या प्रत्येक पात्रासाठी एक ओळ आखा. रकाने असे: नाव आहे की नुसते नाते किंवा धंदा, भूतकाळ दाखवला आहे का, एकटे असताना दिसते का, स्वतःहून काही घडवून आणते की दुसऱ्याच्या कृतीला उत्तर देते, शेवटी काय मिळते.

भूतकाळाचा रकाना फसवा आणि श्रीमंत. ज्याला लहानपण मिळते त्याला कारण मिळते, आणि ज्याला कारण मिळते त्याला आपण समजून घेतो. बिनभूतकाळाचा खलनायक जन्मजातच तसा वाटतो. तो एका विशिष्ट समूहाचा दाखवला असेल, तर ते जन्मजातपण आपोआप समूहाला चिकटते. संवादात त्या समूहाविषयी एक वाईट शब्द नसला तरी.

एकटेपणाचा रकानाही तसाच. आरशासमोर किंवा रात्री खिडकीत एकट्या दिसणाऱ्या पात्राला आतले आयुष्य आहे असे आपण मानतो. मोलकरीण, ड्रायव्हर, शिपाई अशी पात्रे पूर्ण चित्रपटात एकदाही एकटी दिसत नाहीत हे तक्त्यात पटकन उघडे पडते.

इथे बेक्डेल कसोटीचा मोह होतो: नाव असलेल्या दोन स्त्रिया एकमेकींशी पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का? ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या चित्रपट्टीतला तो विनोद होता. शेकडो चित्रपटांची एकत्र पाहणी करायला तो अजून उपयोगी आहे, पण एका चित्रपटाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. अंतराळात एकटीच अडकलेली नायिका त्यात नापास होईल आणि साड्यांवर तीस सेकंद बोलणाऱ्या दोन जावा पास होतील.

‘काय दाखवले नाही’ हा रकाना जपून भरा. कोणत्याही चित्रपटात जगातल्या बहुतेक गोष्टी नसतातच. त्यांची यादी म्हणजे टीका नव्हे. चित्रपटाच्या स्वतःच्या जगाला जी गोष्ट लागते आणि तरी दिसत नाही, तेवढीच नोंदवा. वीस खोल्यांचा वाडा दोन तास लखलखीत आहे आणि झाडू हातात घेतलेले एकही माणूस नाही, ही खरी अनुपस्थिती.

चौथी पायरी: तीन प्रसंग शॉटवार

सुरुवातीची काही मिनिटे, गोष्ट फिरते तो प्रसंग आणि शेवट. प्रत्येकातली तीन मिनिटे निवडा, जास्त नको. शॉट सरासरी साडेचार सेकंदांचा धरला तर तीन मिनिटांत ४० शॉट होतात आणि ते नीट नोंदवायला दीड-दोन तास जातात. प्रत्येक शॉटसाठी क्रमांक, वेळ, चौकटीत कोण, किती जवळून, कोण बोलते आहे, आवाज कोणता आणि पुढचा कट कशावर, एवढे लिहा.

‘कोण बोलते’ आणि ‘कोण दिसते’ हे रकाने वेगळे ठेवण्यामागे कारण आहे. समजा, संपाच्या वेळी मालकाच्या केबिनमध्ये बोलणी चालली आहेत. संवाद वाचले तर कामगारांची बाजू भक्कम आहे. लेखकाने त्यांना उत्तम वाक्ये दिली आहेत. आता नोंदी पाहा. ४० शॉटपैकी १६ शॉटमध्ये मालक चौकटीत एकटा आहे, त्यातले ११ क्लोज-अप. कामगारांचा पुढारी एकटा ५ वेळा, क्लोज-अप २. बाकीचे कामगार कायम घोळक्यात आणि कडेचे चेहरे चौकटीने कापलेले. पुढारी सर्वांत महत्त्वाचे वाक्य बोलतो तेव्हा पडद्यावर मालकाचा चेहरा आहे, ते वाक्य ऐकणारा. बाहेरच्या घोषणा दारामागून अस्पष्ट येतात. शब्द कळत नाहीत, फक्त गलका कळतो. दृश्य संपल्यावर आपल्या मनात राहतो तो कोंडीत सापडलेला एक माणूस आणि त्याच्यावर आलेला दबाव. संवाद एका बाजूला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला. अशी फट सापडली की तुमच्या लेखाचा कणा सापडला. अशी फट नेहमीच असते असे मात्र नाही, आणि ती ओढूनताणून काढू नये.

प्रतिक्रियेच्या शॉटला एवढे वजन का, याचे उत्तर सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हच्या प्रसिद्ध प्रयोगात आहे. १९२०च्या आसपास त्याने मोझूखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉटना जोडला. सुपाच्या वाटीनंतर प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, शवपेटीनंतर शोक. मूळ फिल्म उरलेली नाही आणि प्रयोगाची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा तपशिलांवर फार भिस्त नको. पण शॉटचा अर्थ शेजारचा शॉट ठरवतो हे कोणत्याही संकलकाच्या टेबलावर रोज दिसते. विचारसरणीच्या दृष्टीने प्रश्न असा: एखादी घटना घडल्यावर कोणाचा चेहरा दाखवून तिचा अर्थ लावला जातो? अर्थ लावण्याचा हक्क ज्या पात्राकडे, चित्रपटाचा कल बहुधा त्याच्याकडे.

आता नवख्यांची हटकून होणारी चूक. पुस्तकात वाचलेले असते की खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता आणि वरून घेतलेला म्हणजे दुबळेपणा. मग नोंदवहीत ‘लो अँगल’ दिसला की ‘सत्ता’ लिहिले जाते. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) नायक केन निवडणूक हरल्यानंतरचा प्रसंग इतक्या खालून घेतलेला आहे की त्यासाठी सेटच्या जमिनीत खड्डा करावा लागला होता. माणूस अजस्र दिसतो आणि त्याच क्षणी तो हरलेला आहे. शॉटचा शब्दकोश नसतो. त्या चित्रपटात तो कोन आधी कोणासाठी, किती वेळा वापरला याची मोजदाद करा आणि मगच अर्थ लावा.

कॅमेरा कोणाच्या जागी उभा आहे याकडेही लक्ष ठेवा. १९७५ साली चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी मांडले की हॉलिवूडच्या अभिजात चित्रपटात पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी विभागणी रचनेतच असते. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले (स्त्री प्रेक्षकाचे काय, कृष्णवर्णीय प्रेक्षकाचे काय), तरी नोंदीसाठीचा प्रश्न अजून धारदार आहे: कोण पाहते, काय दिसते, आणि पाहिली जाणारी व्यक्ती उलट पाहते का? ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. तोवर आपण सहानुभूतीने बघणारे असतो. त्या एका शॉटमध्ये दगड ज्याच्यावर यायचा त्याच्या जागी आपण जाऊन पडतो. शॉटवार नोंद ठेवली असेल, तर आधीच्या दृश्यांत ती जागा कोणाची होती हे दाखवता येते. नाहीतर ‘शेवट अंगावर येतो’ यापुढे वाक्य सरकत नाही.

पाचवी पायरी: बदलून पाहा

निवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका. पार्श्वसंगीत काढल्यावर ज्या पात्राची भीती नाहीशी होते, त्याची भीती संगीताने आणलेली होती. मग कागदावर अदलाबदल करा: पात्राचे लिंग, धर्म, वय किंवा धंदा बदला आणि बाकी सगळे तसेच ठेवा. प्रसंग विनोदी होतो का? अशक्य वाटतो का? जिथे अडखळायला होते तिथे गृहीतक आहे. नायिकेचा तीन दृश्यांत पाठलाग करणारा नायक गोड वाटत असेल, तर तीच तीन दृश्ये खलनायकाला देऊन पाहा.

या कसोटीची मर्यादा अशी की अडखळणारे तुम्ही असता. ते गृहीतक चित्रपटाचे की तुमचे, हे एकट्याने ठरत नाही. ते सातव्या पायरीपर्यंत प्रश्नचिन्हासह ठेवा.

उपहासाचा गोंधळही इथेच सोडवायचा. दाखवणे म्हणजे पाठिंबा देणे नव्हे, हे खरे. पण ‘आम्ही तर टीका करतोय’ हा बचावही तपासायचा असतो. ज्या गोष्टीवर टीका आहे तिला सर्वांत देखणे छायाचित्रण, सर्वांत चपळ संकलन आणि सर्वांत ठेक्याचे संगीत मिळाले आहे का? दीड तास मौजेचा आणि दहा मिनिटे शिक्षेची अशी वाटणी असेल, तर प्रेक्षक कोणता भाग घरी नेईल याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, त्याला निष्कर्ष म्हणू नका.

सहावी पायरी: बाहेरून आलेल्या अटी

ही पायरी लहान आहे, पण ती गाळली की लेख तोंडावर पडतो. चित्रपटातली प्रत्येक गोष्ट दिग्दर्शकाचे मत नसते. अमेरिकेत पडद्यावर काय दाखवायचे आणि काय नाही हे ठरवणारी १९३०ची निर्मिती संहिता १९३४पासून कडक राबवली गेली आणि १९६८मध्ये वयानुसार वर्गवारीची पद्धत येईपर्यंत टिकली. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे असा तिचा दंडक होता. त्या काळातल्या गुन्हेगारी चित्रपटाच्या शेवटावरून निर्मात्याची नीतिमत्ता काढायला गेलात, तर संहितेचे कलम दिग्दर्शकाच्या खात्यात जमा होईल. लढाऊ जहाजे, विमाने वापरायला देताना अमेरिकेचे संरक्षण खाते पटकथा वाचते आणि बदल सुचवते. १९८६च्या ‘टॉप गन’ला नौदलाचे असे सहकार्य होते. तेव्हा पैसा कोणाचा, परवानगी कोणाची आणि प्रमाणपत्रासाठी काय कापले, एवढे शोधून ठेवा.

उलट दिशेची चूकही तितकीच होते: दिग्दर्शकाची मुलाखत सापडली की तीच अंतिम मानायची. ‘डॉ. कॅलिगारी’ (१९२०) हे त्याचे जुने प्रकरण. सत्तेविरुद्धची गोष्ट लेखकांनी लिहिली आणि ‘हे सगळे वेड्याने सांगितले’ ही चौकट बाहेरून लादली गेल्याने तिचा अर्थ उलटला, असे जर्मन समीक्षक क्राकॉअरने १९४७ साली मांडले, तेही एका पटकथालेखकाच्या आठवणीच्या आधारे. पुढे मूळ पटकथेची प्रत हाती आली. तिच्यातही चौकटकथा होती, फक्त वेगळी. चित्रपटाचा अर्थ चौकटीने फिरतो हे निरीक्षण टिकले. कोणाचा हेतू काय होता याची गोष्ट मात्र डळमळली. पुरावा पडद्यावरचा असेल तर हेतूची गरज क्वचितच लागते.

सातवी पायरी: प्रेक्षकांकडे जा

इथवर केले ते तुमचे वाचन. ते कितीही बारकाईचे असले तरी सभागृहात काय घडले हे त्यातून कळत नाही, आणि काळ बदलला की तेही बदलते. १९२१चा ‘भक्त विदुर’ महाभारतातली गोष्ट सांगत होता, पण पडद्यावरचा विदुर गांधी टोपीत होता आणि असहकाराचे वर्ष चालू होते. मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. प्रभातच्या संत एकनाथांवरच्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरमुळे बदलून १९३५मध्ये ‘धर्मात्मा’ करावे लागले. दोन्ही वेळा अर्थ पडद्यावरची खूण आणि बाहेरचे वर्ष यांच्या मधोमध तयार झाला. बंदी घालणारा अधिकारीसुद्धा एक प्रेक्षकच असतो, आणि बऱ्याचदा भलताच सावध प्रेक्षक.

आधी थोडी हत्यारे. ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली संदेश उलगडण्याच्या तीन भूमिका सुचवल्या. दिलेला अर्थ तसाच घेणे ही पहिली. विचारांची चौकट मान्य, पण ‘आमच्याकडे असे नसते’ म्हणून वाटाघाट करणे ही दुसरी. चौकटच नाकारून दुसऱ्या चौकटीत अर्थ लावणे ही तिसरी. बहुतेक माणसे बहुतेक वेळा मधल्या जागेत सापडतात. नवखे लोक इथे तीन खोकी करतात आणि माणसे त्यांत टाकतात. तसे करू नका. एकच माणूस प्रेमाच्या दृश्यात पहिल्या भूमिकेत आणि पोलिसांच्या दृश्यात तिसऱ्या भूमिकेत असतो. खूण माणसाला न करता त्याच्या एकेका वाक्याला करा.

माणसाच्या वर्गावरून किंवा जातीवरून त्याचे वाचन आधीच सांगता येत नाही, हाही धडा जुना आहे. डेव्हिड मॉर्ली यांनी ‘नेशनवाइड’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे भाग २९ गटांना दाखवले. अभ्यास १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार वर्गातले शिकाऊ तरुण बँक व्यवस्थापकांच्या जवळपास दिलेला अर्थच घेत होते, तर त्याच वर्गातले कामगार संघटनांचे प्रतिनिधी कडाडून विरोधात होते. फरक वर्गाचा नव्हता, संघटनेतून मिळालेल्या भाषेचा होता.

गट जमवताना एकमेकांना ओळखणारी पाच-सहा माणसे घ्या. अनोळखी लोक परीक्षेला बसल्यासारखे बोलतात. चित्रपट एकत्र पाहा आणि संपल्यावर पंधरा मिनिटांत बोलायला बसा. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा. पहिला प्रश्न एकच: ‘जो आला नाही त्याला ही गोष्ट कशी सांगाल?’ मग गप्प बसा. कोणीतरी सुरू करेल, दुसरा ‘नाही नाही, त्याच्याआधी’ म्हणून अडवेल. ती अडवाअडवी तुमचा सर्वांत मोलाचा माल आहे. वीसेक मिनिटांनी पुढचे प्रश्न: अमक्याने तसे का केले? त्याला दुसरा मार्ग होता का? हे ओळखीतल्या माणसाच्या बाबतीत झाले असते तर? पाऊण तासात थांबा.

‘हा चित्रपट स्त्रीविरोधी वाटला का?’ असा प्रश्न विचारू नका. तो विचारताच खोलीतले सगळे समीक्षक होतात आणि तुम्हाला हवे असेल ते उत्तर देतात. तुमचे विश्लेषणही शेवटपर्यंत खिशात ठेवा.

पाऊण तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला तीन-चार तास लागतात. सारांश करून भागत नाही, कारण पुरावा शब्दांतच असतो. उतरवल्यावर चार गोष्टींवर खुणा करा: गोष्ट कोणाच्या बाजूने सुरू केली, कोणता प्रसंग सगळ्यांनीच गाळला, ‘आपण’ कोणाला म्हटले आणि ‘ते लोक’ कोणाला, आणि ‘सिनेमात असंच दाखवतात’ अशा धर्तीची वाक्ये कुठे आली. शेवटचा मुद्दा तामार लीब्स आणि एलिहू कात्झ यांच्या ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेवरच्या अभ्यासातून आला आहे. मालिका एकच, पण प्रेक्षकगटांचे सांगणे निराळे. काही घटना क्रमाने सांगत, काही पात्रांच्या स्वभावात रमत, तर इस्राएलमध्ये येऊन राहिलेले रशियन ‘बनवणाऱ्यांना काय ठसवायचे आहे’ इथूनच सुरुवात करत. पण संशयी प्रेक्षकाला सुरक्षित समजू नका: संदेश ओळखून तो नाकारणारा माणूस त्याच वेळी ‘श्रीमंत असेच राहतात’ हे तपशील बिनशर्त स्वीकारत असू शकतो.

शिट्ट्या, टाळ्या, हशा यांचा अर्थ लावताना हात आखडता ठेवा. खलनायकाच्या वाक्याला पडलेली टाळी विचाराला असेल, नटाला असेल किंवा वाक्याच्या ठेक्याला असेल. १९३३ साली नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने जर्मन चित्रपट व्यावसायिकांसमोर सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनश्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’ची (१९२५) भरभरून स्तुती केली आणि त्याचे सामर्थ्य नमुना म्हणून पुढे ठेवले. पुरेशी पक्की मते नसलेला माणूस तो पाहून बोल्शेविक होईल असे त्याचे मत होते. तो स्वतः अर्थातच झाला नाही. मान्यता, कौतुक आणि परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीतही त्या वेगळ्याच ठेवा. इंटरनेटवरचे अभिप्रायही याच मापाने तोला. फार आवडले किंवा फार खटकले असे लोक तिथे लिहितात. मधला मोठा गट बोलत नाही.

लिहिताना

पहिला लेख आठशे ते हजार शब्दांचा ठेवा आणि त्यात एकच दावा करा. दाव्याची घडण अशी: हा चित्रपट अमुक गोष्ट स्वाभाविक म्हणून मांडतो, ते तमुक प्रसंगांत, अशा मांडणीतून दिसते, आणि अमक्या ठिकाणी ते त्याला साधत नाही. ‘चित्रपट कामगारविरोधी आहे’ हे वाक्य कोणालाही खोडता येते, कारण त्यात धरायला काही नाही. ‘बोलण्याच्या प्रसंगात कामगारांना वाक्ये मिळतात आणि मालकाला क्लोज-अप; शेवटी मालकाच्या मुलीचे मन द्रवते आणि मागण्यांचा कागद पुन्हा पडद्यावर येत नाही’ हे खोडायचे तर समोरच्याला चित्रपट उघडून मोजावे लागेल. तसे कोणी मोजले तर उत्तमच.

तुमच्या दाव्याच्या विरुद्ध जाणारे किमान दोन पुरावे स्वतःच नोंदवा. ते नोंदवहीत असतातच. सापडले नाहीत तर नोंदी दावा ठरल्यानंतर भरल्या गेल्या आहेत असे समजा आणि एक प्रसंग पुन्हा काढा. प्रेक्षकांविषयी लिहाल ते फक्त ज्या पाच-सहा जणांशी बोललात त्यांच्यापुरते लिहा. ‘प्रेक्षक’ हा शब्द एकवचनी कर्त्यासारखा वापरायचा मोह झाला की तिथे ‘या गटातल्या तिघांनी’ असे घालून पाहा. बऱ्याचदा वाक्य लहान होते आणि खरे होते.

शेवटी, प्रत्येक प्रसंगापुढे वेळ लिहा आणि कोणती आवृत्ती पाहिली तिची एकूण लांबीही द्या. चित्रपटगृह, दूरचित्रवाणी आणि ओटीटीवरच्या प्रतींत कापाकापी वेगवेगळी असते, आणि तुम्ही ज्या शॉटवर सगळा डोलारा उभा केला तो वाचकाच्या प्रतीत नसूही शकतो.